बंधन शाळेवर, की मुलावर?

बंगळुरूतल्या एका नामांकित मुलींच्या कॉलेजानं फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या एका शीख विद्यार्थिनीला पगडी उतरवून वर्गात बसायला सांगितलं. मुलगी सतरा वर्षांची, अमृतधारी, आणि विद्यार्थिनी संघटनेची अध्यक्ष. तिच्या पगडीबद्दल तोवर कॉलेजाची काही तक्रार नव्हती. मग कर्नाटक उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आला, शिक्षण खात्याचे अधिकारी कॉलेजात येऊन गेले, हिजाब घालणाऱ्या मुलींना तो काढायला सांगण्यात आलं, आणि त्या मुलींनी विचारलं, मग तिच्या पगडीचं काय? कॉलेजानं मुलीच्या वडिलांना कळवलं. घरच्यांनी पगडी उतरणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

१० फेब्रुवारीच्या त्या आदेशात पगडी हा शब्दच नाही. भगव्या शाली, स्कार्फ, हिजाब, धार्मिक झेंडे आणि तत्सम गोष्टी वर्गात नकोत, असं त्यात म्हटलं होतं. तेही जिथं कॉलेजाच्या समितीनं गणवेश ठरवून दिला आहे तिथंच. पण ‘तत्सम’ या शब्दाला कुंपण नसतं. मुलांच्या अंगावरच्या खुणा मोजायला सुरुवात झाली की मोजणी कुठं थांबवायची, हे आदेश काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

धर्मापासून अंतर राखण्याचं बंधन आपल्या संविधानानं शाळेवर घातलं. गेल्या काही वर्षांत ते शाळेच्या खांद्यावरून उतरून मुलांच्या खांद्यावर आलं आहे, आणि हे चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं. दरम्यान डब्यावरून, नावावरून, खेळाच्या मैदानावर रोज जो पूर्वग्रह मुलं सोसतात, त्याच्याकडे पाहायला कुणी आदेश काढलेला नाही.

आधी संविधान काय म्हणतं ते पाहू. कलम २८ ची तीन उपकलमं आहेत आणि प्रत्येक पालकानं ती एकदा वाचावीत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हे पहिलं. शाळेचा कारभार सरकार पाहत असेल, पण ती एखाद्या धर्मादाय देणगीतून किंवा न्यासातून उभी राहिली असेल आणि त्या न्यासाची अटच धार्मिक शिक्षणाची असेल, तर पहिलं बंधन लागू नाही, हे दुसरं. तिसरं आपल्या सगळ्यांच्या कामाचं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, त्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक तासाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. या तिन्ही वाक्यांत ज्याला आवरायचं आहे ती संस्था आहे. मुलाला फक्त संरक्षण आहे.

७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना मुख्यतः तीन गोष्टी मांडल्या. सर्वांकडून घेतलेला कर एका धर्माच्या शिकवणीवर खर्च करणं योग्य नाही. इतके धर्म, इतके पंथ असलेल्या देशात एका शाळेला सगळ्यांची सोय लावणं शक्य नाही. आणि प्रत्येक धर्म मोक्षाचा खरा मार्ग आपल्यापाशीच असल्याचं सांगत असल्यामुळे हे वाद शाळेच्या आवारात आणले तर तिथली शांतता बिघडेल. बोलणारा माणूस साताऱ्याच्या शाळेत स्वतःचं गोणपाट घेऊन वेगळा बसलेला होता. शिपायानं नळ सोडल्याशिवाय त्याला पाणी पिता येत नव्हतं. शाळेतली शांतता कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही, हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच समितीत पूर्णिमा बॅनर्जी यांनी वेगळी सूचना केली होती. अनुदानित शाळांतलं धार्मिक शिक्षण हे सर्व धर्मांच्या तुलनात्मक तत्त्वज्ञानाची ओळख, अशा स्वरूपाचं असावं, म्हणजे मुलांची मनं रुंद होतील. ती स्वीकारली गेली नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्माची दीक्षा देणारं शिक्षण आणि धर्मांविषयीची माहिती यांत फरक केला, आणि दुसऱ्याला शाळेत मोकळीक असल्याचं सांगितलं. पूर्णिमाबाईंचा मुद्दा अर्ध्या शतकानंतर मागच्या दारानं आत आला असं म्हणता येईल. प्रत्यक्ष वर्गात मात्र अशी ओळख क्वचितच होते. जैन मुलाला मोहरम म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि मुस्लिम मुलीला पर्युषण.

बंगळुरूनं २०२२ च्या वसंतात कलम २८ ची दोन्ही टोकं एकदम पाहिली. मार्चमध्ये गुजरात सरकारनं सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता शिकवण्याचं जाहीर केलं आणि कर्नाटकचे तेव्हाचे शिक्षणमंत्री बी. सी. नागेश यांनी आपल्याकडेही नीतिशिक्षणात ती आणण्याचा विचार बोलून दाखवला. एप्रिलमध्ये रिचर्ड्स टाउनमधल्या क्लॅरेन्स हायस्कूल या जुन्या ख्रिस्ती शाळेच्या प्रवेशअर्जावरून तक्रार झाली. मूल प्रार्थनेला आणि बायबलच्या तासाला बसेल, बायबल आणि स्तोत्रांचं पुस्तक सोबत नेण्यास आमची हरकत नाही, असं त्यात पालकांकडून लिहून घेतलं जात होतं. शिक्षण खात्यानं नोटीस काढली, धर्मग्रंथ शाळेत शिकवता येणार नाहीत असं मंत्र्यांनी बजावलं, आणि शाळेनं आपण कायदा पाळू असं सांगितलं. माझ्या मते अर्जातली ती ओळ आक्षेपार्हच होती. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकाची सही ही संमती नव्हे. जागा हातची जाईल या भीतीनं माणूस कशावरही सही करतो. पण हीच कसोटी गीतेलाही लावायला हवी, आणि सरकारी शाळेत तर आधी लावायला हवी, कारण तिथं पहिलं उपकलम लागू होतं. कलम २८ शेजाऱ्याच्या शाळेवर रोखायचं आणि आपल्या शाळेपुरतं म्यान करायचं, हा प्रकार सर्रास चालतो.

आता बंधन मुलावर कसं आलं ते. उडुपीच्या सरकारी मुलींच्या पदवीपूर्व कॉलेजात डिसेंबर २०२१ च्या सुमारास सहा मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिलं गेलं नाही. महिनाभरात दुसऱ्या कॉलेजांत भगव्या शाली घेतलेली मुलं फाटकांपाशी जमू लागली. ५ फेब्रुवारीला राज्य सरकारनं १९८३ च्या कर्नाटक शिक्षण कायद्याखाली गणवेशाचा आदेश काढला. ८ तारखेला शाळा-कॉलेजं तीन दिवस बंद ठेवावी लागली. १५ मार्च २०२२ रोजी मुख्य न्यायमूर्ती रितुराज अवस्थी यांच्यासह तिघांच्या पीठानं बंगळुरूत निकाल देऊन सरकारचा आदेश उचलून धरला. हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक प्रथा नाही, हा त्या निकालाचा कणा.

योगायोगानं फ्रान्समध्ये शाळकरी मुलांना ठळक धार्मिक चिन्हं वापरण्यास मनाई करणारा कायदाही १५ मार्चचाच, २००४ चा. तिथला प्रवास आपल्यासाठी बोलका आहे. १८८० च्या दशकात फ्रान्सनं सरकारी शाळेतून धर्म बाहेर काढला तेव्हा तो अभ्यासक्रमातून आणि शिक्षकांच्या नेमणुकांतून काढला. विद्यार्थ्याच्या डोक्यावर काय आहे याकडे कायदा वळायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गेली.

सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांच्या मते एका समाजाला धार्मिक चिन्हं वापरू देणं हेच धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध. न्या. सुधांशु धुलिया यांनी प्रथा अत्यावश्यक आहे की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवला. खेड्यातल्या, लहान गावातल्या मुलीला घरची कामं उरकून दप्तर उचलेपर्यंत किती अडथळे ओलांडावे लागतात ते त्यांनी लिहिलं, आणि तिच्यापुढं आणखी एक अडथळा ठेवून आपण तिचं आयुष्य सुधारतो आहोत का, असं विचारलं. मतभेदामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवलं गेलं. मला धुलियांचा मार्ग पटतो. प्रथा अत्यावश्यक आहे का, हे ठरवायला बसलं की न्यायाधीशाला धर्मशास्त्री व्हावं लागतं, आणि ज्या मुलीचा प्रश्न ‘मी वर्गात बसू का’ एवढाच आहे, ती त्या चर्चेत हरवते. केंद्रीय विद्यालयांत गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ चालतो, हा दाखला सुनावणीत देण्यात आला होता. तोडगा इतका हाताशी होता.

मुलाचं संरक्षण म्हणजे काय, याचा आपल्याकडचा सर्वोत्तम धडा केरळमधून आला. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत. फक्त ओठ हलवत नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठानं त्यांना परत घ्यायला लावलं. ती श्रद्धा न्यायमूर्तींना पटली की नाही, हा प्रश्नच नव्हता. मुलांची श्रद्धा खरी आहे आणि कुणाच्या अंगावर उठत नाही, एवढं पुरलं.

महाराष्ट्रातल्या वाचकानं हे कर्नाटकाचं दुखणं म्हणून बाजूला सारू नये. चेंबूरच्या ना. ग. आचार्य आणि दा. कृ. मराठे महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बिल्ला यांना मनाई केली, ती मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये मान्य केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनाईचा बराचसा भाग स्थगित केला आणि महाविद्यालयाला विचारलं, टिळा आणि टिकली लावणाऱ्यांनाही तुम्ही अडवणार का? वर्षभरात त्या प्रश्नाचं एक उत्तर बीदरनं दिलं. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकच्या सीईटीला तिथल्या एका केंद्रावर जानवं काढायला नकार देणाऱ्या विद्यार्थ्याला गणिताचा पेपर देता आला नाही. राज्यभर संताप उसळला, जबाबदार कर्मचाऱ्यांवर तातडीनं कारवाई झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्या घरांना तीन वर्षांपूर्वी गणवेश म्हणजे गणवेश असं वाटत होतं, त्यांतल्या काहींना त्या दिवशी उडुपीच्या मुलींची आठवण झाली असेल, अशी मला आशा आहे.

पण कपडे दिसतात. न दिसणारं डब्यात असतं.

कर्नाटकात माध्यान्ह भोजनाला बिसियूट म्हणतात, म्हणजे गरम जेवण. बंगळुरूत जून २००० मध्ये इस्कॉनशी संलग्न ‘अक्षय पात्र’नं पाच सरकारी शाळांतल्या दीड हजार मुलांसाठी ते शिजवायला सुरुवात केली, आज ही संस्था देशभर लाखो मुलांना जेवू घालते, आणि ते काम मोठंच आहे. या स्वयंपाकात कांदा-लसूण मात्र नसतो. २०१८ मध्ये राज्य सरकारनं तो घालण्यास सुचवलं, संस्थेनं नकार दिला, आणि २०१९ मध्ये जेवणाच्या पोषणमूल्याबद्दल तज्ज्ञसंस्थांचे अहवाल मागवावे लागले. मूल कुठल्याही घरातलं असो, सरकारी पैशाच्या ताटात कुणाचं सोवळं पाळायचं, हा कलम २८ चाच भाऊबंद प्रश्न आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बीदर, कलबुर्गी, यादगीर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अंडं सुरू झालं तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला. गंगावतीच्या एका शाळकरी मुलीनं त्यांना कॅमेऱ्यासमोर ठणकावलं की अंडं आम्हाला हवं आहे. नाही दिलंत तर तुमच्या मठात येऊन खाऊ. सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या तीन वर्षांच्या सुमारे १,५९१ कोटी रुपयांच्या मदतीनं अंडं आठवड्यातून सहा दिवस मिळू लागलं. ज्यांना नको त्यांना केळं किंवा चिक्की.

याच वादात २०२२ मध्ये एक लक्षात राहणारा युक्तिवाद झाला. नव्या शैक्षणिक धोरणासाठी कर्नाटकानं नेमलेल्या एका तज्ज्ञगटानं आपल्या टिपणात म्हटलं की काही मुलांना अंडं आणि काहींना दुसरं काही दिल्यानं मुलांत भेदभाव होतो, म्हणून अंडं नकोच. हे मला अजिबात मान्य नाही. एकाच्या ताटात अंडं आणि दुसऱ्याच्या ताटात केळं असणं हा भेद नव्हे. केळं खाणाऱ्यानं नाक मुरडून सरकून बसणं हा भेद, आणि ते सरकणं मूल घरून किंवा बाईंकडून शिकतं. भरल्या पंगतीत एकाच्या पानात तिखट वाढतात, दुसऱ्याच्या पानात नाही. त्यानं पंगत मोडत नाही. अंडं बंद केल्यानं नाक मुरडणारं मूल सुधारत नाही, फक्त अंडं खाणाऱ्याला कळतं की आपलं खाणं लपवण्यासारखं आहे.

डब्यानंतर नाव. नाझिया इरम यांनी २०१७ च्या ‘मदरिंग अ मुस्लिम’ या पुस्तकासाठी बारा शहरांतल्या १४५ कुटुंबांशी संवाद साधला. ही गरिबांच्या वस्तीतली मुलं नव्हती. महागड्या इंग्रजी शाळांत जाणारी होती. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ‘पाकिस्तानी’ म्हटलं जाई, बाँबस्फोटाची बातमी आली की ‘तुझ्या बाबांनी काय केलं’ असं विचारलं जाई. पाच-सहा वर्षांच्या मुलांनीही हे ऐकलं होतं. लेखिकेला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की अनेक मुलं घरी काही सांगतच नाहीत. चिडवणाऱ्या मुलाचा त्यात द्वेष असतोच असं नाही. रात्री टीव्हीसमोर जे ऐकलं ते तो सकाळी बाकावर बसून म्हणून दाखवतो. शिक्षकानं ते हसण्यावारी नेलं की ते शाळेचं मत होतं.

आणि शिक्षकच पुढाकार घेईल तेव्हा? ऑगस्ट २०२३ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका शाळेत बाईंनी सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला वर्गातल्या इतर मुलांकडून थपडा मारवल्याची चित्रफीत देशभर पसरली. तुषार गांधींच्या याचिकेवर न्या. अभय ओक यांच्या पीठासमोर सुनावणी झाली. आरोप खरा असेल तर राज्याच्या सदसद्विवेकाला धक्का बसायला हवा, असं पीठानं म्हटलं, आणि मुख्य म्हणजे मारलेल्या मुलाबरोबर मारायला लावलेल्या मुलांच्याही समुपदेशनाचा आग्रह धरला. हा विचार आपल्याकडे विरळा. थप्पड मारणाऱ्या सात वर्षांच्या मुलावरही त्या दिवशी अन्याय झाला होता.

धर्माबरोबर जात आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात, बंगळुरूपासून फार दूर नाही, मोरारजी देसाई निवासी शाळेतल्या दलित मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवून सफाई करायला लावल्याचं उघड झालं आणि प्राचार्यांना अटक झाली. गणवेश त्या शाळेतही होता.

पूर्वग्रह कशानं कमी होतो, याचा सत्तर वर्षं अभ्यास झालेला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की वेगवेगळ्या गटांतली माणसं समान दर्जानं, एका उद्दिष्टासाठी, हातात हात घालून काम करतात आणि वरचा अधिकारी त्याला पाठिंबा देतो, तेव्हा दुरावा घटतो. नुसतं एका इमारतीत असणं पुरत नाही. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या लीग भरवून हे तपासलं. वेगवेगळ्या जातींतल्या आठशे तरुणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं संघांत वाटलं. एकाच संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांत ती वाढली नाही, उलट घटली. गौतम राव यांनी दिल्लीच्या महागड्या शाळांत २००७ नंतर गरीब मुलं आली तेव्हाचा परिणाम पाहिला. श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, गरीब मुलाला आपल्या रिले संघात घ्यायला कमी कचरू लागली, आणि गुणांवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

हे हाती असताना धोरण उलट दिशेला गेलं. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमुळे बंगळुरूच्या खासगी शाळांत रिक्षावाल्याचं मूल अभियंत्याच्या मुलाशेजारी बसू लागलं होतं. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही, असा बदल कर्नाटकानं नियमांत केला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं तो मान्य केला. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच बदल केला; मुंबई उच्च न्यायालयानं तो जुलैमध्ये रद्द ठरवला. मराठी पालकांना या निकालाचं मोल अजून पुरतं उमगलेलं नाही असं वाटतं. व्हाइटफिल्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या गृहसंकुलात वाढणाऱ्या मराठी मुलाचा दिवस आपल्यासारख्याच मुलांत सुरू होतो आणि संपतो. वेगळ्या घरातला मित्र त्याला शाळेनं दिला नाही तर कुणी द्यायचा?

खरं म्हणजे ऑलपोर्टच्या कितीतरी आधी हे साताऱ्यात करून झालं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजमातींची वेगवेगळी वसतिगृहं उभारली, कारण खेड्यातल्या पोराला शहरात कुणी थारा देत नव्हतं. आधी छप्पर हवं होतं. तिथल्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंगमधून काढलं गेलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका चुलीवर शिजलेलं खात. समान दर्जा, समान काम, आणि वर भाऊरावांचा पाठिंबा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

मुलं एका वर्गात एकत्र टिकणं इतकं मोलाचं आहे, म्हणूनच कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलच्या सरकारी कन्नड शाळेची गोष्ट मला सोडवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तिथं काही मुस्लिम मुलं शुक्रवारी दुपारी एका वर्गखोलीत नमाज पढत असल्याची चित्रफीत बाहेर आली. मुलं मशिदीत जायची आणि पुन्हा शाळेत यायची नाहीत, तास बुडायचे, म्हणून ही सोय झाली, असं कारण तेव्हा बातम्यांतून पुढं आलं. जमाव जमला, चौकशी बसली, मुख्याध्यापिका निलंबित झाल्या. कायद्यानं पाहिलं तर सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई आहे. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत कुणी दहा मिनिटं प्रार्थना केली तर ते शिक्षण ठरतं का, यावर वाद होऊ शकतो. शाळेनं खोली देणं टाळायला हवं होतं, असं मलाही वाटतं, कारण उद्या दुसरा गट तीच खोली मागेल आणि आंबेडकरांनी सांगितलेला वाद आवारात येईल. पण चौकशी करणाऱ्यांनी मूळ अडचणीकडे पाहायला हवं होतं, आणि ती हजेरीची होती. शुक्रवारची दुपारची सुट्टी अर्ध्या तासानं वाढवून शाळा तेवढीच उशिरा सोडली असती, तर मुलं मशिदीत जाऊन गणिताच्या तासाला परत आली असती. त्यासाठी धर्मावर काही बोलावंही लागलं नसतं, फक्त वेळापत्रक बदलावं लागलं असतं.